एकाला शिंकण्यावर निभावतं, दुसऱ्याला ऑक्सिजन लागतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या साखळी शहराजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी गेली अनेक वर्षं जीवशास्त्र शिकवते. २०२१ च्या उन्हाळ्यातल्या कोविडच्या लाटेनंतर लोक मला शाळेबाहेरही थांबवून विचारायला लागले. बाजारात, जत्रेत, चवथीची आरती आटोपल्यावर, प्रसाद हातात असताना. प्रश्न फिरून फिरून तेच: एकाच विषाणूने एकाला नुसती सर्दी होते आणि दुसरा इस्पितळात जातो, असं का? त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

घरातल्या सगळ्यांना एकच विषाणू लागला. मग एकटा धाकटा भाऊच आयसीयूत का गेला?

आधी नेहमीची कारणं बघायची. वय, मधुमेह, वजन, लस घेतली होती की नाही, तो विषाणू आधी भेटला होता का, किती वेळ कोणाजवळ बसला होता. बहुतेक घरांत उत्तर इथेच सापडतं.

पण काही घरांत नाही सापडत. धडधाकट माणूस, पस्तिशीचा, कसलाही आजार नाही, तरी कोसळतो. अशा वेळी शेजारीपाजारी कारण शोधतात: पावसात भिजला, रात्री उशिरा जेवायचा, बायकोने लक्ष दिलं नाही. हे ऐकलं की माझ्या पोटात तुटतं. माझ्या आईचे दोन भाऊ वर्षाचे व्हायच्या आत छाती भरून गेले आणि आजीने उरलेलं सगळं आयुष्य असं मानलं की दूध पाजण्यात तिचंच काहीतरी चुकलं.

डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ही मुलं जन्मदात्यांपासून दूर, दुसऱ्याच घरात वाढलेली. तरी ज्यांचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले होते, त्या मुलांचा संसर्गाने अकाली मृत्यू होण्याचा धोका सहापटीच्या जवळपास होता. वाढवणारे आईवडील तसे गेले असले तर मात्र तो धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे ताट-वाटी ज्या घरची, त्या घराने फारसा फरक पडला नाही. रक्त ज्या घरचं, त्या घराने पडला.

जनुकांत असं काय असतं की ज्याने ताप वाढतो?

खाजन शेती पाहिली असेल त्याला हे चटकन कळेल. नदीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो, पाणी आत-बाहेर सोडायला मानस म्हणजे झडप असते. रात्री बांधाला भोक पडलं आणि ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याने लगेच आरोळी ठोकली, तर चार माणसं चिखल घेऊन धावतात आणि तासाभरात काम होतं. आरोळीच उशिरा आली तर सकाळी सगळा गाव फावडी घेऊन पळतो. तोवर शेत खारं झालेलं असतं, आणि त्या धावपळीत उरलेला बांधही तुडवला जातो.

आपल्या पेशींची आरोळी म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी ते शोधलं. विषाणू शिरला की पेशीतले पहारेकरी त्याचा आरएनए किंवा डीएनए ओळखतात. टीएलआर-३ आणि टीएलआर-७ हे त्यांतले दोन. मग आयआरएफ-७ सारखी प्रथिनं आतला निरोप पोचवतात, इंटरफेरॉन बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. हे सगळं काही तासांत व्हायला हवं. अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात, तेवढा वेळ काढून देणं हेच इंटरफेरॉनचं काम.

या साखळीतल्या एखादं प्रथिन बनवायची जनुकातली कृती जन्मतः चुकीची असेल तर आरोळी क्षीण निघते किंवा निघतच नाही. विषाणू फुप्फुसभर पसरतो. नंतर जागी झालेली प्रतिकारशक्ती इतक्या जोरात तुटून पडते की सुजेनेच श्वास अडतो. ऑक्सिजन खाली जातो तो बहुधा या दुसऱ्या टप्प्यात, आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. कोविडमध्ये डॉक्टर स्टेरॉइड पहिल्या दिवशी न देता ऑक्सिजन लागल्यावर देत होते, त्यामागे हेच होतं.

हे माणसांत खरंच सापडलंय, की प्रयोगशाळेतल्या उंदरांत?

माणसांत सापडलंय. २०१५ मध्ये एका फ्रेंच मुलीबद्दलचा शोधनिबंध आला. अडीच वर्षांची असताना साध्या फ्लूने ती मरणाच्या दारात पोचली होती. तपासात कळलं की तिच्या आयआरएफ-७ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक आईकडून आलेली आणि एक बाबांकडून. दोघंही पालक ठणठणीत, कारण त्यांच्याकडे एकेक चांगली प्रत होती.

मग २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाचे जाँ-लोराँ काझानोव्हा आणि त्यांच्या जगभरच्या सहकाऱ्यांनी जिवावर बेतलेल्या कोविड न्यूमोनियाच्या ६५९ रुग्णांची जनुकं पाहिली. साडेतीन टक्क्यांच्या आसपास रुग्णांत इंटरफेरॉनच्या या साखळीतच बिघाड निघाला. त्यांतल्या चौघांत बिघाड पूर्ण होता. वय २५ ते ५० आणि त्याआधी विषाणूच्या आजाराने इस्पितळ गाठावं लागलेलं नव्हतं. मला या सगळ्या संशोधनात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. पन्नास वर्षं निरोगी जगलेल्या माणसाच्या अंगातही असा दोष मुकाट बसून राहू शकतो आणि एखादा नवा विषाणू येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. "याला कधी साधी सर्दी झाली नाही हो" असं म्हणणाऱ्या बायकोचं म्हणणं खरंच असतं.

पुरुषच जास्त का गेले?

एक कारण एक्स गुणसूत्रात आहे. टीएलआर-७ चं जनुक तिथे बसतं. बाईकडे एक्सच्या दोन प्रती, पुरुषाकडे एकच. ती बिघडली की राखीव काही नाही. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या दोन घरांतल्या भावाभावांच्या जोड्यांत, चारही तरुण, हाच दोष सापडला. पुढच्या मोठ्या अभ्यासात साठीच्या आतल्या अत्यवस्थ पुरुषांपैकी दोन टक्क्यांच्या आतबाहेर हा दोष निघाला. सगळ्या पुरुषांच्या मृत्यूंचं हे स्पष्टीकरण नव्हे. वय आणि इतर आजार आहेतच. पण दोन सख्खे भाऊ एका आठवड्यात गेले असं एखादं घर पाहिलं की मला ती डच भावंडं आठवतात.

माझ्या सासऱ्यांच्या रक्तात "स्वतःच्याच विरुद्ध अँटिबॉडी" आहेत म्हणे. तेही आनुवंशिक का?

बहुतेकदा नाही, ते वयाबरोबर येतं. काही माणसांचं शरीर स्वतःच्याच इंटरफेरॉनला शत्रू समजून त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. आरोळी निघते, पण तोंडावर हात दाबल्यासारखी. काझानोव्हा यांच्याच गटाने २०२० मध्ये तपासलेल्या ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांत त्या होत्या आणि त्यांतले ९५ पुरुष होते. सत्तरीच्या आतल्या सर्वसाधारण लोकांत त्या हजारात दोघांकडेही नसतात. ऐंशीनंतर मात्र शंभरात तीन-चार जणांकडे सापडतात. म्हातारपणी विषाणूचे आजार जड का जातात याचा एक धागा इथे मिळतो.

एपीएस-१ नावाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात मात्र या अँटिबॉडी लहानपणापासूनच असतात.

निअँडरथल माणसाकडून आपल्याला कोविडचा धोका मिळाला, हे खरं का?

अर्धं खरं. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी निअँडरथलांकडून, म्हणजे आता नामशेष झालेल्या मानवांकडून, आपल्या पूर्वजांत आला आणि युरोपातल्या रुग्णांत त्याचा गंभीर कोविडशी संबंध दिसला. हुगो झेबेर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० मध्ये हे दाखवलं. पेबोंना पुढे २०२२ चं नोबेल मिळालं, ते नामशेष मानवांच्या जनुकांवरच्या एकूण कामासाठी. दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांकडे या तुकड्याची निदान एक प्रत असते, युरोपात सहांत एकाकडे.

हे वाचून "म्हणूनच भारतात इतकी माणसं गेली" असे संदेश फोनवर फिरले होते. तसं म्हणता येत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आपल्याकडची जनुकं आणि कोविडची आकडेवारी शेजारी ठेवली, तेव्हा युरोपात दिसलेला संबंध इथे दिसला नाही. तोच तुकडा असणाऱ्यांना एचआयव्हीची लागण कमी होते, असंही झेबेर्ग यांनी नंतर दाखवलं. आणि बाराव्या गुणसूत्रावरचा, निअँडरथलांकडूनच आलेला दुसरा एक तुकडा कोविडचा धोका थोडा कमी करतो. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं.

जातीवरून, धर्मावरून, "आम्ही गोंयकार" म्हणून कोणाची प्रतिकारशक्ती ठरत नाही. मी वर्गातही हे फळ्यावर लिहून ठेवते.

रक्तगट ओ असला तर कमी त्रास होतो?

कोविडमध्ये किंचित कमी. घरी बसून निर्धास्त व्हावं इतका नाही.

काही लोकांना विषाणू लागतच नाही, असं असतं का?

असतं, ठरावीक विषाणूंपुरतं. उत्तर युरोपातल्या शंभरात एका माणसाच्या पेशींवर सीसीआर-५ नावाची कडीच नसते. एचआयव्ही सहसा तीच कडी धरून आत शिरतो. आपल्याकडे हा बदल फार क्वचित आढळतो. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस आतड्यातल्या एका साखरेला चिकटतो. ज्यांच्याकडे एफयूटी-२ जनुक चालत नाही त्यांच्या आतड्यात ती साखर नसते, म्हणून त्याच्या नेहमीच्या प्रकारांनी ते आजारी पडत नाहीत. लग्नाच्या पंगतीनंतर सगळं घर आडवं होतं आणि एकच आत्या सर्वांना पेज करून वाढत फिरते, तेव्हा हेही एक कारण असू शकतं.

पण सीसीआर-५ नसणाऱ्याला डासांतून येणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचा आजार जास्त जड जातो. सगळ्याच विषाणूंसमोर भक्कम ठरेल असं जनुक नसतं.

डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर जड जातो, तेही जनुकांमुळेच?

मुख्य कारण वेगळं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारानंतर बनलेल्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला पुरत्या रोखत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात. व्हिएतनाममधल्या मुलांच्या २०११ च्या अभ्यासात एमआयसीबी आणि पीएलसीई-१ या जनुकांजवळचे बदल गंभीर डेंग्यूशी जोडलेले आढळले, पण त्यांचा वाटा लहान.

पावसाळ्यात इथे खरं लक्ष द्यायचं ते ताप उतरतो त्या दिवसाकडे. ताप गेला म्हणून घरचे सुस्कारा टाकतात आणि नेमकं त्याच चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत पोट जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं सुरू होतं. तेव्हा थेट इस्पितळ. आणि आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नाही, फक्त पॅरासिटामॉल.

आम्ही सत्तरी तालुक्यातले. काजूच्या बागायतीत सगळे जातो, माकडताप एखाद्यालाच का होतो?

आधी गोचीड. चावली कोणाला, यावरच पहिलं उत्तर ठरतं. माकडताप हा १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला, गोचिडीतून येणारा विषाणूचा ताप. सत्तरीत तो २०१५ च्या सुमारापासून काजूच्या हंगामात त्रास देऊ लागला. बोंडू गोळा करायला वाकलेला माणूस पानापाचोळ्यात हात घालतो आणि तीळभर आकाराची गोचीड मनगटावर चढते. दिसतही नाही, खाजतही नाही.

चावल्यानंतर मात्र शरीरांतले फरक मोजावे लागतात. माकडतापाचा विषाणू डेंग्यू आणि वेस्ट नाइलच्याच कुळातला. या कुळाला काही उंदीर दाद देत नाहीत. ते ओएएस-१बी या एकाच जनुकामुळे, हे २००२ मध्ये सापडलं. वेस्ट नाइलने इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत वर सांगितलेल्या इंटरफेरॉनविरोधी अँटिबॉडी होत्या, हे २०२३ मध्ये कळलं.

तुमच्यासाठी यातून निघणारं काम साधं आहे. आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल हातापायांना लावून जा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग नीट तपासा. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मुलांची प्रतिकारशक्ती कमी होते का?

सरसकट नाही. पण वरची फ्रेंच मुलगी आठवा: दोन्ही पालकांकडून एकेक बिघडलेली प्रत. पतिपत्नीचे आजी-आजोबा एकच असले तर तीच दुर्मीळ प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. घराण्यात आधी तान्ही मुलं संसर्गाने गेली असतील तर लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा. गेली नसतील आणि लग्न होऊन गेलं असेल, तर उगाच घोर लावून घेऊ नका.

मुलाला सारखी सर्दी असते. काळजी करू का?

बालवाडीत जाणारं मूल वर्षात आठ-दहा वेळा सर्दीने आजारी पडतं. मधल्या काळात खेळतं, खातं, वजन धरतं. ते ठीक.

वजन न धरणं, वर्षात दोनदा न्यूमोनिया, महिनोन्‌महिने न जाणारी तोंडातली बुरशी, शिरेतून औषध दिल्याशिवाय न बरे होणारे संसर्ग, आणि घरात आधी अशाच कारणाने गेलेलं मूल, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा: जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष असू शकेल का? विषाणूंच्या बाबतीत आणखी खुणा आहेत. नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूने मेंदूला सूज येणं (यात टीएलआर-३ चा दोष सापडलेला आहे), अंगभर न जाणारे चामखीळ, कांजिण्या फुप्फुसापर्यंत जाणं, साध्या काविळीत यकृत एकाएकी निकामी होणं.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. मी माझ्या माहेरचा असा कागद एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काढला. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, लहानपणी गेलेल्यांचे चौकोन पेन्सिलीने काळे. आजीच्या ओळीत दोन काळे चौकोन शेजारी शेजारी आले. मग आईची मावशी म्हणाली, "अगं, माझाही एक गेला होता, नाव ठेवायच्या आधी." तिसरा चौकोन. तीन मुलगे, तिन्ही बायकांच्या बाजूने. मुली सगळ्या जगलेल्या. एक्स गुणसूत्रावरचा दोष असाच उतरतो, आईकडून मुलाकडे. पन्नास वर्षं ज्याला दृष्ट म्हणत होते, ते कागदावर अर्ध्या तासात एका ओळीत दिसलं. आजी तेव्हा हयात नव्हती.

तपासणी कुठे होते? उपचार आहेत का?

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बालरोग विभागात. साध्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी किती आहेत आणि इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे अँटिबॉडी किती, एवढ्यावरून बरंच कळतं. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, चंडीगडला पीजीआय हे मोठं सरकारी इस्पितळ आहे.

प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषाचे पावणेपाचशेच्या वर आजार आता नावानिशी ओळखले गेलेत, त्यामुळे उपचार दोषागणिक बदलतात. अँटिबॉडी बनत नसतील तर त्या दर महिन्याला शिरेतून देतात. संपूर्ण प्रतिकारशक्तीच नसेल तर बोनमॅरो बदलतात, आणि ते बाळ लहान असताना, संसर्ग होण्याआधी केलं तर फार चांगलं साधतं. खर्च मोठा आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरवून दिलेल्या केंद्रांत पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती मागायला संकोच करू नका.

ऑनलाइन थुंकीची किट मागवून "माझी इम्युनिटी किती" असे आकडे विकत घेऊ नका. एकेका जनुकाचा किंचित परिणाम जोडून काढलेला तो आकडा तुमच्या घरच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

प्रतिकारशक्तीत दोष असेल तर लस घ्यायची की टाळायची?

बहुतेक लसी घ्यायच्याच, घरातल्या बाकीच्यांनी तर नक्कीच. ती फ्रेंच मुलगी त्यानंतर दर वर्षी फ्लूची लस घेत होती आणि २०१५ च्या शोधनिबंधापर्यंत तरी फ्लूने पुन्हा तशी आजारी पडली नव्हती. जनुक बिघडलेलं असताना लस उपयोगी पडते, कारण ती आरोळीची वाट न पाहता बांध आधीच भक्कम करते.

जपायचं ते जिवंत विषाणू किंवा जिवाणू असलेल्या लसींना: बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, गोवर-रुबेलाची लस, कांजिण्यांची, पिवळ्या तापाची. निरोगी मुलांना त्या उत्तम आहेत, चुकवू नका. गंभीर जन्मजात दोष असलेल्या बाळाला मात्र त्यांतलाच कमकुवत जंतू आजारी पाडतो.

पिवळ्या तापाचं मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे घरटी नाही तरी वाड्यागणिक एखादा तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) आहे आणि आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या बंदरांसाठी ही लस घ्यावी लागते. ती घेतल्यावर क्वचित एखादा गंभीर आजारी पडतो. अशा काहींत इंटरफेरॉनच्या साखळीतला दोष किंवा इंटरफेरॉनविरोधी अँटिबॉडी सापडल्या आहेत. छातीतल्या थायमस ग्रंथीचा आजार असेल, वय साठीपुढे असेल किंवा घरात वर सांगितल्यासारखा इतिहास असेल, तर सुई टोचून घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांना सांगा. बोट सुटेल या भीतीने लपवू नका.

काढा, हळद-दूध, च्यवनप्राश?

घसा शेकतो, बरं वाटतं, जरूर घ्या. पण टीएलआर-७ ची बिघडलेली प्रत काढ्याने दुरुस्त होत नाही. श्वास लागत असताना काढ्यात गेलेला एक दिवस भरून येत नाही.

आमचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात न्यूमोनियाने गेलं. आता दुसरं होणार आहे. कोणाला काय सांगू?

आधी एक गोष्ट स्वतःला सांगा: तुमच्या हातून काही चुकलं म्हणून ते गेलं असं धरून बसू नका. घरात कोणी तसं बोलत असेल तर त्यांना हे पान वाचायला द्या.

मग सातव्या महिन्याच्या आत पहिल्या बाळाचे कागद शोधून एका पाकिटात घाला. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, असतील तेवढे. त्यातलं लिम्फोसाइटच्या आकड्याचं पान वर ठेवा. तुमच्या आईकडे, मावशांकडे, सासरी बसून वंशावळीचा कागद काढा आणि तोही त्यात ठेवा. पाकीट प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि बाळाला पहिल्यांदा तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना, दोघांनाही दाखवा. बाळ झाल्यावर रक्ताचा पहिला रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब थांबवायचे का, हे त्यांना आधीच विचारून ठेवा. ते त्यांच्या अक्षरात पाकिटावर लिहून घ्या, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरनाही दिसेल. हे पाकीट इस्पितळाच्या पिशवीत बाळाच्या दुपट्यांवर ठेवा, तळाशी नको.